घर विकणाऱ्या भावांना केसमध्ये घ्या, आणि आत्ताच घ्या

कळव्याहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"आम्ही 2017 ला खारेगावात दोन भावांकडून बैठं घर घेतलं. रजिस्टर खरेदीखत आहे, पतपेढीचं कर्ज अजून चालू आहे. आता त्यांच्या बहिणीने ठाणे कोर्टात दावा टाकलाय. घर वडिलांनी घेतलेलं, वडील 2009 ला मृत्युपत्र न करता गेले, नंतर आईही गेली, म्हणून माझा तिसरा हिस्सा वाटून द्या, आणि खरेदीखत माझ्या हिश्श्यापुरतं बंधनकारक नाही असं जाहीर करा, असं तिचं म्हणणं. प्रतिवादी फक्त मी आणि मिस्टर. भावांचं नावच नाही! मोठा भाऊ 2021 ला वारला. धाकटा फोनवर म्हणतो की आम्हाला कोर्टात ओढू नका, मी बहिणीला समजावतो, तसंही तिचं लग्न 1990 मधलं आहे, तिला हक्कच नाही. आमचे वकील म्हणतात भावांना पार्टी केलं नाही हाच दाव्यातला मोठा दोष आहे, आपण गप्प बसायचं, दावा आपोआप पडेल. त्यांची गावाकडे मुरबाडला जमीन पण आहे म्हणे वडिलांच्या नावावर, ती दाव्यात नाही. समन्स येऊन तीन आठवडे झाले. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी तारीख सांभाळा. कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, कोर्ट कारण बघून ते 90 पर्यंत वाढवतं, त्याच्याही पुढे कधी कधी मिळतं पण तो भरवसा धरू नका. वकीलपत्र दाखल झालंय का ते वकिलांना आज विचारा. ई कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून तुम्ही स्वतःही बघू शकता, पुढची तारीख काय आणि मागच्या तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या कामाच्या नोंदीत) काय लिहिलं गेलं ते. हजर न राहिल्यामुळे दावा एकतर्फी चालला तर मग भाऊ, बहीण, मुरबाडची जमीन हे सगळं बोलायला जागाच उरणार नाही.

आता मुद्द्याचं. माझं मत स्पष्ट आहे, धाकट्या भावाला आणि मोठ्या भावाच्या वारसांना या दाव्यात प्रतिवादी करून घ्या, तुम्ही स्वतः अर्ज देऊन, आणि कैफियत देतानाच. तुमच्या वकिलांचं म्हणणं कायद्याने अगदीच चूक नाहीये, पण त्यावर घर पणाला लावावं असं ते नाही.

कसंय बघा, वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतातच, एक जरी बाहेर राहिला तरी वाटप पूर्ण होत नाही, म्हणून भाऊ हे आवश्यक पक्षकार. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 1 रूल 9 मध्ये म्हटलंय की पक्षकार कमी जास्त झाले म्हणून दावा पडत नाही, पण 1976 च्या दुरुस्तीने तिथे अपवाद जोडला की आवश्यक पक्षकारच नसेल तर हे संरक्षण नाही. वकील यावरच बोट ठेवतायत. पण पुढे काय होतं ते बघा. कोर्ट असा दावा पहिल्या दिवशी फेकून देत नाही, वादीला संधी देतं की बाई, या लोकांना जोडा. ही संधी पुराव्यानंतर दिली जाऊ शकते, निकालाच्या तोंडावर दिली जाऊ शकते, अपिलातसुद्धा दिली जाऊ शकते, कारण ऑर्डर 1 रूल 10 (2) मध्ये "कोणत्याही टप्प्यावर" असे शब्द आहेत. म्हणजे तुम्ही चार सहा वर्षं गप्प बसलात, साक्षी पुरावे झाले आणि मग कोर्ट म्हणालं भावांना जोडा, तर बरंच काही परत पहिल्यापासून. आणि समजा खरंच दावा पडला, तरी तो पक्षकार नव्हते म्हणून पडला, हिस्सा आहे की नाही याचा निकाल लागून नाही, मग बहीण भावांना जोडून नवा दावा टाकायला मोकळी. तोपर्यंत तुमच्या घरावर टांगती तलवार तशीच, ना विकता येतं ना बिल्डरशी बोलता येतं ना पतपेढी पुढचं कर्ज देते.

अजून एक. हरकत घ्यायची ती लवकरात लवकर घ्यावी लागते, मुद्दे निघायच्या आधी, म्हणजे कोर्ट वादाचे प्रश्न ठरवतं त्याच्या आधी, नाहीतर ती सोडून दिली असं धरलं जातं, हे त्याच ऑर्डर 1 मधलं रूल 13. म्हणजे गप्प बसण्याची ही युक्ती गप्प बसून चालतच नाही, कैफियतीत लिहावीच लागते. मग लिहायचीच आहे तर दोन्ही करा ना. कैफियतीत हरकत घ्या की आवश्यक पक्षकार नाहीत, आणि सोबत अर्ज द्या की त्यांना जोडा.

आता भाऊ दाव्यात असले तर तुमचा फायदा काय, हे नीट समजून घ्या कारण धाकटा भाऊ तुम्हाला याच्या बरोबर उलटं सांगतोय.

पहिलं बहिणीच्या हक्काचं बघू, कारण भाऊ तिथे तुम्हाला भलतंच सांगतोय. लग्न 1990 चं म्हणून हक्क नाही हे तो कुठून आणतोय ते माहितीये, 1994 ला महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. पण नंतर 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्नाची अशी अट नाही, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानेच, 2005 ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आणि तुमच्या केसमध्ये तर इतकं लांब जायचीसुद्धा गरज नाही. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर 1956 च्या कायद्यानेच बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा, मुलगी लग्नाची असो बिनलग्नाची. आई गेल्यावर तिचा वाटा तिघांत. म्हणजे बहिणीचा तिसरा हिस्सा कागदावर तरी उभा राहतो. ती तुम्हाला फसवायला आलीये असं मनात धरून लढू नका, तिला वडिलांच्या घरातून वगळलं तिच्या भावांनी आणि त्याची झळ आता तुम्हाला बसतेय, तुम्ही दोघी एकाच माणसांच्या हातून अडकलायत.

पण याचा अर्थ घर गेलं असा नाही हं. भावांनी पूर्ण घर विकलं, पण त्यांचे दोन तृतीयांश तर त्यांचे होतेच, ते विकायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. खरेदीखत तेवढ्यापुरतं टिकतं. भांडण उरतं एक तृतीयांशाचं. आणि इथेच मुरबाडची जमीन कामाला येते, तुम्ही पत्रात ती एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या केसची चावी तिथे आहे!

वाटपाचा दावा करायचा तर वडिलांच्या मागे राहिलेल्या सगळ्या मिळकती एकत्र मांडाव्या लागतात, फक्त एक घर उचलून त्याचंच वाटप मागता येत नाही, ही हरकत कैफियतीत घ्यायची. आणि जमीन दाव्यात आली की तुम्ही कोर्टाला म्हणू शकता, सगळ्या मिळकतींची किंमत काढा, खारेगावचं घर भावांच्या वाट्याला टाका म्हणजे ते आमच्याकडे राहील, आणि बहिणीला तिचा हिस्सा जमिनीतून द्या. हिस्सेदाराकडून घेतलेल्या खरेदीदाराला कोर्ट असा न्याय देतं, त्याला इक्विटी म्हणतात. सक्तीचा हक्क नाही तो, आणि मुरबाडच्या शेतजमिनीची किंमत खारेगावच्या घराच्या तिसऱ्या हिश्श्याला पुरेल का तेही बघावं लागेल, कमी पडली तर फरकाची रक्कम. पण हे मागायचं तर ज्यांच्या वाट्याला घर टाकायचं ते भाऊच दाव्यात नसतील तर कोर्ट कोणाच्या वाट्याला टाकणार? तुमचे वकील जो दोष जपून ठेवायला सांगतायत तोच दोष तुमचा हा रस्ता बंद करतोय.

म्हणून या आठवड्यात मुरबाडचा सातबारा आणि फेरफार (जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद) काढा. गट नंबर माहीत नसेल तर महाभूमीच्या साइटवर गाव निवडून वडिलांच्या नावाने शोधता येतं. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस फेरफार झालाय का, त्यात बहिणीचं नाव लागलंय का हे नीट बघा. बरेचदा होतं काय की तलाठ्याकडे वारस नोंद करताना तिघांची नावं लागतात आणि घराच्या वेळी मात्र दोघंच वारस असं प्रतिज्ञापत्र करून मोकळे होतात. तसं असेल तर तो फेरफार म्हणजे भावांच्या हातचाच पुरावा की त्यांना तिसरी वारस माहीत होती.

आता तुमचं खरेदीखत काढा, ओरिजिनल पतपेढीकडे असेल तर झेरॉक्स काढा किंवा दुय्यम निबंधकाकडून नक्कल घ्या. त्यात साधारण मधल्या पानांवर असा मजकूर असणार: "सदर मिळकतीवर आमच्याशिवाय अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध वा बोजा नाही. भविष्यात कोणी तसा हक्क सांगितल्यास त्याचे निवारण आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ व खरेदीदारास कोणतीही तोशीस लागू देणार नाही." प्रत्येक खरेदीखतात टायपिस्ट हे छापूनच ठेवतात म्हणून कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा, पेन्सिलने खूण करा. ही ओळ म्हणजे भावांनी सही करून दिलेला शब्द आहे. आणि ती नसली तरी मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55 (2), विकणाऱ्याने विकायचा अधिकार आहे अशी हमी दिली असंच धरतो.

ही हमी वसूल करायची वेळ आली तर भाऊ काय म्हणतील ते आत्ताच सांगते. "आम्ही त्या केसमध्ये नव्हतो, तुम्ही नीट लढला नाहीत म्हणून हरलात, आम्हाला विचारलं असतं तर आम्ही पुरावा दिला असता." मग तुम्हाला बहिणीचा हक्क होता हे त्यांच्याविरुद्ध परत पहिल्यापासून सिद्ध करायला लागेल. ते दाव्यात असले की घर कोणाचं, हिस्से किती, याचा जो निकाल लागेल तो त्यांच्यावरही बांधील. हे एकच कारण पुरेसं आहे खरं तर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, याच दाव्यात भावांकडून पैसे परत मागता येतील असं समजू नका. प्रतिदावा, म्हणजे त्याच केसमध्ये प्रतिवादीने उलट केलेली मागणी, वादीविरुद्ध करायचा असतो, निव्वळ सहप्रतिवादीविरुद्ध नाही. पैशासाठी वेगळा दावा लागेल, आणि त्याची तीन वर्षांची मुदत कुठून मोजायची यावरच पुढे भांडण होऊ शकतं, म्हणून आत्ताच वकिलामार्फत भावाला आणि वारसांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या, की असा दावा आलाय, हमीप्रमाणे निवारण करा, नाहीतर नुकसानभरपाई मागू. पोचपावत्या जपा.

आता अर्जाबद्दल. ऑर्डर 1 रूल 10 (2) खालचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, खरेदीखताची प्रत, मुरबाडचे उतारे. त्यात तीन गोष्टी यायलाच हव्यात, भाऊ हिस्सेदार आहेत म्हणून वाटप त्यांच्याशिवाय होत नाही, तेच विक्रेते आहेत म्हणून खरेदीखताचा प्रश्न त्यांच्याशिवाय सुटत नाही, आणि आपण ही मागणी पहिल्याच संधीला करतोय. बहिणीचे वकील "से", म्हणजे अर्जावर लेखी म्हणणं, देतील की वादी दाव्याची मालक असते, कोणाविरुद्ध लढायचं ते ती ठरवेल. 2005 चा कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमाळ निकालही दाखवतील. तो साठेकराराच्या (विक्री करण्याच्या आधीच्या कराराच्या) पूर्ततेचा दावा होता आणि जोडून घ्या म्हणणारे त्या कराराच्या बाहेरचे होते, स्वतःचा वेगळा मालकी हक्क सांगणारे. इथे तर भाऊ खरेदीखतावर सही केलेले आणि वाटपातले हिस्सेदार. 2010 ला मुंबई विमानतळ विरुद्ध रीजन्सी कन्व्हेन्शन सेंटर या केसमध्येही सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वादीला निवड असते हा नियम आहे पण तो रूल 10 (2) च्या अधीन राहून. अर्ज मंजूर झाला की बहिणीला दावा दुरुस्त करावा लागतो, नव्या प्रतिवादींना समन्स जातं, आणि मग ते कैफियत देतात.

मोठ्या भावाचं नाव प्रतिवादी म्हणून टाकू देऊ नका, मेलेल्या माणसाविरुद्ध दावा चालत नाही. त्याचे वारस टाकायचे, बायको आणि सगळी मुलं. कोणी अठराच्या खाली असेल तर कोर्ट त्याच्यासाठी पालक नेमतं, त्यात वेळ जातो, म्हणून नावं, वयं, पत्ते आधीच नीट काढून ठेवा. पत्ता चुकला की बेलिफ, म्हणजे समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, "सदर इसम मिळून येत नाही" असा शेरा मारून परत येतो आणि तारखांवर तारखा जातात. आणि त्या वहिनींना भेटलात तर एवढं जरूर सांगा की वारस म्हणून त्यांची जबाबदारी नवऱ्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच आहे, त्यांच्या स्वतःच्या पगाराला दागिन्यांना हात लागत नाही. कोर्टाचा कागद आला की बायामाणसं हादरून जातात, आणि घाबरलेला माणूस धाकटा दीर सांगेल तिथे सही करतो.

तुमच्या मनात असेल की भाऊ येऊन "बहिणीचं खरं आहे, आम्हाला मान्य" अशी कैफियत देतील तर? देऊ शकतात, आतून मिळालेले असतील तर देतीलच. पण त्यांची कबुली तुमच्यावर बांधील नाही, आणि उलट त्यांना पिंजऱ्यात आणून उलटतपासणी करता येते. 2017 ला विकताना दोघंच मालक म्हणून सही केली का, पैसे घेतले का, बहिणीला त्यातले दिले का, बहिणीला विक्री माहीत होती का, ती तेव्हा घराच्या पूजेला आली होती का. बहिणीने विक्रीतले पैसे घेतले असतील आणि ते बँकेच्या एंट्रीत दिसलं तर केसचा रंगच बदलतो. हे सगळं दाव्याच्या बाहेर बसलेल्या माणसाकडून कसं काढणार?

खरेदीच्या वेळी पेपरात जाहीर नोटीस दिली होती का, सर्च रिपोर्ट (घराच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) कोणी काढला, वारसाचं प्रतिज्ञापत्र कोणी दिलं, तेही शोधा. आम्ही चौकशी करून चांगल्या भावनेने घेतलं हे म्हणायला ते लागतं. घरपट्टी आमच्या नावावर आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, त्यावर फार विसंबू नका.

पोलीस कंप्लेंटचं म्हणाल तर, खोटं वारस प्रतिज्ञापत्र सापडलं तर तो विचार जरूर करा, पण नुसतं दडपण आणायला म्हणून नको, तसं केलं की दिवाणी भांडणाला फौजदारी रंग दिला असं ऐकावं लागतं आणि दोन्हीकडे नुकसान.

कर्जाचे हप्ते थांबवू नका. पतपेढीला दाव्याचं लेखी कळवा. आणि धाकट्या भावाशी फोनवर बोलणं बंद करा, जे बोलायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून, म्हणजे रेकॉर्ड राहतं. तो स्टॅम्पपेपर घेऊन आला सही करा म्हणून, तर वकिलांना दाखवल्याशिवाय पेन उचलू नका.

वकिलांशी भांडू नका पण त्यांना सरळ विचारा, भावांना न जोडता तुम्ही इक्विटी कशी मागणार आणि भावांवर निकाल बांधील कसा होणार. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या, त्यात काही अपमान नाही. पैशाची अडचण असेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, 1987 च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही.

आणि सगळे एकदा रेकॉर्डवर आले की कोर्टाला सांगून मध्यस्थीला पाठवून घ्या. हा असा दावा आहे की जो टेबलावर सुटू शकतो, कारण बहिणीला बहुतेक ते घर नकोय, तिला तिचा वाटा हवाय, आणि तो वाटा ज्यांनी खाल्ला ते समोर बसलेले असतील. भाऊ जमिनीतून देवोत नाहीतर रोख, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तुम्ही फक्त एवढं बघा की तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यात येते, त्यात खारेगावच्या घरावरचा हक्क बहिणीने सोडला असं सर्व्हे नंबर आणि चतुःसीमेसकट लिहिलंय, आणि मोठ्या भावाचं मूल अठराच्या खाली असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी घेतलीये. दावा मागे घेतला एवढ्या एका पुरसिसवर (कोर्टात दिलेल्या छोट्या लेखी निवेदनावर) समाधान मानून घरी येऊ नका.